सिद्धगड दिसतो, मग प्रोटॉन का दिसू नये?

मुलांनो, मुरबाडहून नारिवलीच्या वाटेला लागले की सह्याद्रीच्या भिंतीला खेटून उभा असलेला सिद्धगड दिसू लागतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी जेथे देशासाठी प्राण दिले, तो हा गड. तो ‘दिसतो’ असे आपण सहज म्हणतो. पण दिसतो म्हणजे नेमके काय होते, याचा कधी विचार केला आहे का?

सूर्याकडून निघालेले प्रकाशाचे कण गडाच्या काळ्या कातळावर येऊन आदळतात. काही कातळातच जिरतात, बाकीचे नाना दिशांना उधळतात. उधळलेल्यांपैकी अगदी थोडे आपल्या डोळ्यांत शिरतात. कोणत्या बाजूने किती आले, यावरून मेंदू ठरवतो की हा कडा, ही घळ, ही झाडी. काहीतरी फेकायचे, ते आदळून कसे उधळते ते पाहायचे आणि त्यावरून समोरच्या वस्तूचे रूप ताडायचे, या साऱ्या उद्योगाला शास्त्रात प्रकीर्णन म्हणतात. नाव जड आहे खरे, पण जन्मल्या दिवसापासून तुम्ही हेच करीत आला आहात.

श्रावणात गड धुक्यात बुडतो, तेव्हा डोळ्यांचा उपयोग नसतो. समजा, अशा वेळी तुम्ही एक खडा भिरकावला. तो टणकन वाजून परत आला तर पुढे कातळ आहे, खसखसला तर झुडूप, आणि बराच वेळ काहीच ऐकू आले नाही तर पुढे पाऊल टाकू नये हे उत्तम! हेही प्रकीर्णनच. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. खड्याऐवजी तुम्ही मोठी धोंड लोटली असती, तर झुडूप आणि गवत यांतला फरक तुम्हांला कळला नसता. बारीक वस्तू ओळखायची तर फेकायची वस्तूही बारीक हवी.

प्रकाशाची अडचण नेमकी हीच आहे. बारवी धरणाच्या पाण्यात एक काडी उभी रोवली आणि पाण्यावरून मोठी लाट आली, तर लाट काडीची दखलही न घेता पुढे जाते. तीच लाट मोठ्या खडकावर आपटली तर फुटते, वळते, मागे फिरते. म्हणजे लाटेची लांबी वस्तूहून फार मोठी असली, तर लाटेला ती वस्तू ‘कळत’ नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते. अणू त्याच्याही हजारो पटींनी लहान. आणि अणूच्या केंद्रातील प्रोटॉन तर अणूच्याही सुमारे लाखाव्या हिश्श्याचा. प्रकाशाने प्रोटॉन पाहू म्हणणे म्हणजे समुद्राच्या लाटेने काडी शोधण्यासारखे आहे.

मग उपाय काय? पुंजयामिकी सांगते की प्रत्येक कण हा लाटेसारखाही वागतो आणि त्याची ऊर्जा जितकी वाढवावी, तितकी त्याची तरंगलांबी आखूड होते. दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. प्रोटॉनएवढी तरंगलांबी हवी असेल, तर सुमारे सव्वाशे कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांपर्यंत जावे लागते, आणि प्रोटॉनच्या पोटात डोकवायचे तर त्याहूनही पुष्कळ पुढे. कणांना एवढी ऊर्जा देणारी मैलोन् मैल लांबीची यंत्रे, म्हणजे कणवेगवर्धक, शास्त्रज्ञ का बांधतात हे आता तुमच्या ध्यानात येईल. ती यंत्रे म्हणजे सूक्ष्मदर्शकच. फक्त दिवा फार प्रखर लागतो, इतकेच.

या मार्गावरचे पहिले मोठे पाऊल रदरफर्ड यांचे. त्यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ साली सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ पार झाले, पण हजारोंमागे एखादा चक्क मागे फिरला. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्ड यांनी सांगितले की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या एका इवल्याशा केंद्रात कोंबलेले आहे. हीच युक्ती १९६७ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे दोन मैल लांबीच्या वेगवर्धकावर वापरली गेली. या वेळी गोळ्या होत्या इलेक्ट्रॉनांच्या आणि निशाण होते प्रोटॉन. इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा फार जास्त संख्येने मोठ्या कोनांतून वळले. प्रोटॉन म्हणजे मऊ लोण्याचा गोळा नसून त्याच्या आत लहान, टणक असे काहीतरी आहे, याची ती खूण होती. गेल-मान आणि झ्वाइग यांनी १९६४ मध्ये ज्यांची कल्पना मांडली होती, तेच हे क्वार्क. या प्रयोगाबद्दल फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता येथे एक कोडे उभे राहिले. इलेक्ट्रॉनचा मारा बसतो त्या क्षणी क्वार्क अगदी मोकळे असल्यासारखे वागतात, जणू त्यांना कोणी धरूनच ठेवलेले नाही. मग ते प्रोटॉनमधून सुटून बाहेर का पडत नाहीत? सुटा क्वार्क आजपर्यंत कोणालाही पकडता आलेला नाही.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेतील गुरांचा बाजार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याचे उत्तर समजायला सोपे जाईल. खुंट्याला दाव्याने बांधलेले जनावर खुंट्याजवळ असेपर्यंत मजेत हिंडते. दावे सैल असते, त्याला बंधन जाणवतच नाही. ते दूर जाऊ लागले की दावे ताणले जाते, आणि जितके दूर तितका हिसका जास्त. क्वार्कांमधील बल असेच आहे. जवळ असताना दुबळे, दूर जाताना जबरदस्त. विजेचे आणि गुरुत्वाचे बल अंतराबरोबर कमी होते. हे मात्र उफराटे! ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी १९७३ साली हे गणिताने दाखवून दिले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला २००४ साल उजाडले.

या बलाच्या शास्त्राला ‘क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स’ म्हणतात. मराठीत आपण पुंज वर्णगतिकी म्हणू. येथे ‘वर्ण’ म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे, बरे का! विजेचा भार जसा धन आणि ऋण असा दोन प्रकारचा असतो, तसा क्वार्कांच्या अंगी एक वेगळा भार असतो आणि तो तीन प्रकारचा असतो. तीन मूळ रंग मिसळले की पांढरा होतो, तसे हे तीन भार एकत्र आले की बाहेरून काहीच जाणवत नाही, म्हणून गमतीने त्यांना तांबडा, हिरवा, निळा अशी नावे दिली. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. विजेचे बल वाहून नेणाऱ्या प्रकाशकणाला, म्हणजे फोटॉनला, स्वतःला भार नसतो. ग्लुऑनला मात्र स्वतःचा वर्ण असतो. त्यामुळे ग्लुऑन ग्लुऑनलाही ओढतो, आणि सगळा गुंता येथूनच सुरू होतो.

दावे फार ताणले तर तुटते. क्वार्कांचेही तसेच होते, पण तुटताना ताणात साठलेल्या ऊर्जेतून दोन्ही टोकांना नवे क्वार्क जन्मतात. त्यामुळे जोराने उडालेला क्वार्क एकटा बाहेर न येता अनेक कणांची एक पिचकारीच त्याच दिशेने उडते. शास्त्रज्ञ हिला ‘जेट’ म्हणतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९७९ साली दोनाऐवजी तीन जेट उडालेले दिसले. तिसरी पिचकारी ग्लुऑनची होती.

एक गंमत जाता जाता सांगतो. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी भरते. उरलेले बहुतेक सारे वस्तुमान म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या धावपळीची आणि ओढाताणीची ऊर्जा. तेव्हा काट्यावर उभे राहून तुम्ही जे किलो मोजता, ते बहुतेक धावपळीचेच असतात.

प्रयोग करणारे टकरी घडवतात आणि उडालेले कण मोजतात. मग सैद्धांतिक शास्त्रज्ञ कागद-पेन्सिल घेऊन करतो काय? तो सांगतो की असा मारा केला तर अमुक दिशेला अमुक ऊर्जेचे इतके कण मिळायला हवेत. मिळाले तर सिद्धांत टिकला, नाही मिळाले तर कुठेतरी नवे काही दडले आहे. ‘इतके’ हे मोजण्याचे माप म्हणजे काटछेद. आंब्याच्या झाडावर डोळे मिटून शंभर दगड मारले आणि दहा लागले, तर कैऱ्यांनी किती जागा व्यापली आहे याचा अंदाज येतो ना? तसेच हे. त्याच्या एककाचे नाव ‘बार्न’, म्हणजे शेतावरचे गुराढोरांचे आणि धान्याचे कोठार. युरेनियमचे केंद्र माऱ्याला सापडायला कोठाराएवढे मोठे आहे, असा विनोद अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९४२ साली केला आणि ते नाव कायमचे चिकटले. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात आज प्रोटॉनावर प्रोटॉन आदळतात, तेव्हा हा काटछेद सुमारे एक दशांश बार्न भरतो. तेथे २०१२ साली सापडलेला हिग्ज कण मात्र सुमारे दोनशे कोटी टकरींत एखाद्या वेळी निर्माण होतो. गवताच्या गंजीत सुई शोधायची, तर गवत कसे असते हे आधी काडीकाडीने ठाऊक हवे. बाकीच्या टकरींचे भाकीत अचूक करता आले, म्हणूनच तो हिग्ज ओळखता आला.

आता ही आकडेमोड होते कशी ते पाहू. टक्कर जितकी जोरदार, तितके क्वार्क जवळ येतात आणि बल दुबळे होते. अशा वेळी उत्तर टप्प्याटप्प्याने काढता येते. पहिल्या टप्प्यात रुपया मिळाला, दुसऱ्यात दहावीस पैसे, तिसऱ्यात दोनचार पैसे. मग पुढचे सोडले तरी हिशेब फारसा बिघडत नाही. मंद टकरींत मात्र बल एवढे वाढते की प्रत्येक टप्प्यात रुपयाच येत राहतो आणि बेरीज कधी संपतच नाही. म्हणून जोरदार टकरींचे गणित कागदावर सुटते आणि प्रोटॉन नुसता स्वस्थ बसलेला असताना त्याचे गणित महाकाय संगणकांनाही घाम फोडते!

जोरदार टकरींचे गणित ‘सुटते’ म्हणालो, पण ते सोपे नव्हे. दोन ग्लुऑन आदळून दोन ग्लुऑन बाहेर पडणे, ही सर्वांत साधी घटना. ती किती प्रकारांनी घडू शकते याच्या आकृत्या काढाव्या लागतात. त्या ४ भरतात. दोनाऐवजी तीन ग्लुऑन बाहेर पडले तर २५. चार पडले तर २२०, आणि पाच पडले तर २४८५. प्रत्येक आकृतीमागे पानभर बीजगणित, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. अशा २२० आकृत्यांचा डोंगर स्टीफन पार्क आणि टोमाझ टेलर या दोघांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत उपसला. आणि झाले काय? ग्लुऑनांच्या फिरकीची एक विशिष्ट मांडणी घेतली, तर सगळे काटून उत्तर एका ओळीत मावते असे त्यांना दिसले! कितीही ग्लुऑन असले तरी चालेल असे त्याचे सूत्र त्यांनी १९८६ मध्ये मांडले. परीक्षेत लांबलचक अपूर्णांक काटता काटता शेवटी ‘१’ उरला की कसे वाटते, ते आठवून पाहा. एवढ्या गुंत्यातून एवढे साधे उत्तर का यावे, या प्रश्नाने पुढे कितीतरी शास्त्रज्ञांना कामाला लावले.

या टकरी फक्त परदेशांतल्या यंत्रांतच होतात असे मात्र समजू नका. तुम्ही सिद्धगडाच्या माथ्यावर उभे असता, तेव्हा तुमच्या डोक्यावर पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर अंतराळातून आलेले प्रोटॉन हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या केंद्रांवर अखंड आदळत असतात. हेच विश्वकिरण. त्यांतले अगदी विरळा असे काही एकावर वीस शून्ये एवढ्या इलेक्ट्रॉन व्होल्टांचे असतात. सर्नच्या यंत्रातील टकरी त्यांच्यापुढे फिक्या पडतात. प्रत्येक टकरीत क्वार्क-ग्लुऑनांची तीच झटापट होते आणि खाली नव्या कणांचा पाऊस पडतो. हात आडवा धरा. तळहातातून सरासरी दर सेकंदाला म्युऑन नावाचा एक कण आरपार जात असतो. हा पाऊस खाली येता येता कसा वाढत जातो, याचा एक महत्त्वाचा उलगडा १९३७ साली आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी वाल्टर हाइटलर यांच्याबरोबर केला.

भाभांचे नाव प्रकीर्णनाशी कायमचे जोडले गेले आहे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून उधळतात, त्याचे गणित त्यांनी केंब्रिजला असताना केले आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभर या घटनेला ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात. हे केवळ मानाचे नाव नव्हे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात दर सेकंदाला किती टकरी झाल्या हे मोजायचे, तर भाभा प्रकीर्णनाच्या घटना मोजतात, कारण त्यांचे गणित अतिशय अचूक ठाऊक आहे. सर्न येथे १९८९ ते २००० या काळात चाललेल्या यंत्रात हेच मापटे वापरले गेले. भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज मुंबईत कुलाब्याला आहे.

याच संस्थेत १९७९ साली पुण्याची एक तरुण संशोधिका अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आली. तिचे नाव रोहिणी गोडबोले. पुण्यात हुजूरपागेत त्या शिकत होत्या, तेव्हा तेथे मुलींना सातवीपर्यंत शास्त्राऐवजी गृहशास्त्र शिकवीत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शास्त्र हवे, म्हणून त्यांनी तो विषय वेगळा अभ्यास करून तयार केला. पुढे १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात शिकवीत होत्या आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुंबईच्या काळातच, जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्याबरोबर, त्यांनी एक असे गणित केले की ज्याची दखल पुढच्या यंत्रांचे आराखडे आखणाऱ्यांना घ्यावी लागली.

प्रकरण असे होते. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवला की तो प्रकाश सोडत ऊर्जा गमावतो. म्हणून पुढचे यंत्र सरळ रेषेत बांधावे, असे ठरत होते. सरळ यंत्रात कणांना एकच संधी मिळते. म्हणून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे झुबके अतिशय दाबून, घट्ट करून एकमेकांवर सोडायचे. असे घट्ट झुबके समोरासमोर आले की एकाच्या विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्राने दुसऱ्याचे कण वाकतात आणि वाकता वाकता भरमसाट फोटॉन सोडतात. मग फोटॉनावर फोटॉन आदळतात. आदळेनात का! फोटॉन म्हणजे नुसता प्रकाश, त्याला ना भार ना वर्ण. त्याने काय बिघडणार?

पण फोटॉन हा मोठा बहुरूपी आहे. पुंजयामिकीच्या नियमांनुसार तो क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचे सोंग घेऊ शकतो. त्या क्षणात ते क्वार्क ग्लुऑनही सोडतात. नेमक्या त्याच वेळी टक्कर झाली, तर ती प्रकाशाची प्रकाशाशी नसून क्वार्क-ग्लुऑनांच्या एका झुंडीची दुसऱ्या झुंडीशी असते आणि तिच्यातून लहान लहान जेट उडतात. ड्रीस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये हिशेब मांडून दाखवला की त्या वेळी सुचवलेल्या काही आराखड्यांत अशा नको असलेल्या टकरींची एवढी गर्दी होईल, की प्रत्येक महत्त्वाच्या घटनेवर या कचऱ्याचा थर बसेल. स्वच्छ यंत्र म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच पोटात हा गोंधळ! अब्जावधी रुपये खर्चून यंत्र उभारल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कागदावर कळलेले केव्हाही बरे.

फोटॉनची ही सोंगे खरी आहेत का? जपानमधील त्सुकुबा येथील ट्रिस्टन यंत्रावर १९९२ साली त्यांचा पुरावा मिळाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रावरही प्रोटॉनवर आदळणारा फोटॉन क्वार्क-ग्लुऑनांची झुंड बनून वागताना दिसला. ऊर्जा वाढवत नेली की प्रोटॉनांचा काटछेद का आणि किती वाढतो, या प्रश्नावर गोडबोले यांनी इटलीच्या जूलिया पंचेरी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुढेही पुष्कळ वर्षे काम केले. भारत सरकारने २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

असे सरळ, प्रचंड यंत्र अजून कोठेही उभे राहिलेले नाही. त्याचे आराखडे मात्र तयार आहेत. आंतरराष्ट्रीय रेषीय यंत्राच्या आराखड्यात कणांचे झुबके गोल ठेवलेले नाहीत. ते फितीसारखे चपटे आहेत. रुंदी सुमारे पाचशे नॅनोमीटर आणि उंची अवघी सात-आठ नॅनोमीटर. गोल झुबक्यापेक्षा चपट्या झुबक्याचे क्षेत्र सौम्य असते, त्यामुळे कण कमी वाकतात आणि फोटॉन कमी सुटतात. तरीही काही सुटतातच. म्हणून त्यांच्या सोंगांतून किती जेट उडतील याचा आकडा अशा यंत्राचा शोधक आखताना आजही प्रत्येक वेळी आधी मांडून घेतात.